तिसरा डाऊन, आठ यार्ड

‘तिसरा डाऊन, ८ यार्ड बाकी, डावा हॅश, उणे ३४, पर्सोनेल ११, उजवीकडे ट्रिप्स, मोशन नाही, पास, ६ यार्ड.’

ही एक ओळ म्हणजे अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली एक खेळी. प्रत्यक्षात ती पाच-सहा सेकंदांत आटोपते. पुढच्या शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्याच्या गेल्या चार सामन्यांतल्या अशा अडीचशे ते तीनशे ओळी रविवार संपेपर्यंत कुणीतरी भरून ठेवलेल्या असतात. हे काम बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंटच्या, म्हणजे शिकता शिकता प्रशिक्षकांच्या हाताखाली राबणाऱ्या मुलांच्या गळ्यात पडतं. पर्ड्यू किंवा ओहायो स्टेटमध्ये शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना शनिवारी गजबजलेलं स्टेडियम ठाऊक असतं. त्यामागे आठवडाभर चाललेली ही मोजदाद सहसा दिसत नाही.

खेळाची चौकट थोडक्यात अशी. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, १० यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक डाऊननंतर खेळ थांबतो, दोन्ही संघ पुन्हा रांगा लावतात आणि ठरलेली चाल खेळतात. क्रिकेटमध्ये एकेक चेंडू सुटा मोजता येतो, तसा इथे एकेक डाऊन. सॉकरसारख्या वाहत्या खेळात ही सोय नाही. एवढी हेरगिरी आणि एवढी आकडेमोड याच खेळात का रुजली, याचं निम्मं उत्तर या थांबण्यात आहे.

आता ती ओळ उलगडू. ‘उणे ३४’ म्हणजे चेंडू आक्रमक संघाच्या स्वतःच्या अर्ध्या भागात, ३४ यार्डांच्या रेषेवर. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असता तर ‘अधिक’. ‘पर्सोनेल ११’ हा अकरा नव्हे, एक-एक असा वाचायचा : एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही). क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) आणि पुढच्या फळीतले पाच जण धरलेलेच असतात, त्यामुळे उरलेले तिघे वाइड रिसीव्हर (कडेला उभे राहून पास झेलणारे). १२ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. ‘ट्रिप्स’ म्हणजे एका बाजूला तीन रिसीव्हर, दुसऱ्या बाजूला एकटा (यात टाइट एंडही धरतात). ‘मोशन’ म्हणजे चेंडू निघण्याआधी एखाद्या खेळाडूने जागा बदलणं.

हॅशवर जरा थांबायला हवं, कारण व्यावसायिक फुटबॉलची सवय असलेले इथेच फसतात. हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीभर आखलेल्या छोट्या खुणांच्या दोन ओळी. मैदान १६० फूट रुंद. मागची खेळी कडेला संपली, तर पुढच्या खेळीसाठी चेंडू जवळच्या हॅशवर आणून ठेवतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दोन हॅशमधलं अंतर साडेअठरा फूट असतं, म्हणजे चेंडू जवळपास मधोमधच. कॉलेजमध्ये ते ४० फूट. चेंडू डाव्या हॅशवर असेल, तर डावीकडे ६० फूट जागा आणि उजवीकडे १००. या रुंद बाजूला ‘फील्ड’ म्हणतात, अरुंद बाजूला ‘बाउंडरी’. कॉलेजचे प्रशिक्षक डावं-उजवं क्वचितच बोलतात. त्यांच्या डोक्यात फील्ड आणि बाउंडरी असते. हॅशचा रकाना रिकामा सोडून भरलेला तक्ता त्यांच्या दृष्टीने रद्दी.

ही माहिती मिळते फक्त व्हिडिओतून. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन हेरण्यावर एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने १९९४ पासून बंदी घातली आहे. कारण साधं होतं, गरीब कॉलेजांना माणसं पाठवण्याचा खर्च झेपत नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठावर नेमका हाच नियम मोडल्याचे आरोप झाले : पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटं काढून माणसं बसवायची आणि प्रशिक्षक हातवारे करून ज्या खुणा देतात त्या टिपायच्या. मिशिगन ज्या गटात खेळतं त्या बिग टेन परिषदेने मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांना तीन सामन्यांसाठी बाजूला बसवलं. मिशिगनने त्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यामुळे वाद आणखी चिघळला. गंमत अशी की सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी ओळखणं आजही नियमबाह्य नाही. २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या संघांना मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाच्या सूचना ऐकण्यासाठी रेडिओ ठेवता येतो. खेळी सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो.

व्हिडिओ दोन कोनांतून येतो. एक मैदानाच्या बाजूने, उंचावरून, ज्यात सगळे २२ खेळाडू दिसतात. दुसरा गोलच्या मागून, ज्यात पुढच्या फळीची झुंज दिसते. टीव्हीवरचं प्रक्षेपण या कामाला निरुपयोगी, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभे राहणारे बचावपटू, चौकटीबाहेर राहतात.

तक्ता भरला की गाळणी लावायची. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाऊनहून मोठी आघाडी असेल, तर त्या खेळी बाजूला काढायच्या. तेव्हा पुढे असलेला संघ घड्याळ संपवत असतो आणि मागे पडलेला नाइलाजाने पास करत असतो. हाफ संपतानाची शेवटची दोन मिनिटं वेगळी ठेवायची. राखीव क्वार्टरबॅक खेळला असेल तर तीही पानं वेगळी. किती यार्ड मिळाले याला एकट्याला अर्थ नसतो, म्हणून यश मोजायचा एक रूढ निकष लावतात : पहिल्या डाऊनला गरजेच्या ५० टक्के, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण १०० टक्के. सुरुवातीच्या ओळीतले ६ यार्ड पहिल्या डाऊनला मिळाले असते तर खेळी यशस्वी ठरली असती. तिसऱ्या डाऊनला ८ हवे असताना ते अपयशच.

यानंतर खरी निसरडी वाट लागते. एका सामन्यात तिसरे डाऊन साधारण १३-१४ असतात. चार सामन्यांत पंचावन्नच्या आसपास. त्यातले ७ यार्ड किंवा अधिक बाकी असलेले निम्मे धरा. त्यांची हॅशनुसार डावा, मध्य, उजवा अशी वाटणी केली की एकेका रकान्यात आठ-नऊ खेळी उरतात. आता समजा, डाव्या हॅशवरून ट्रिप्समध्ये आठपैकी सहा वेळा चेंडू एकट्या रिसीव्हरकडे गेला. अहवालात मोठ्या अक्षरात लागतं : ‘७५ टक्के, बाउंडरी!’

थांबा. नाणं आठ वेळा उडवा. छापा असो वा काटा, एकच बाजू सहा किंवा त्याहून जास्त वेळा पडण्याची शक्यता २९ टक्के आहे. अहवालात असे २० रकाने असतील आणि प्रतिस्पर्धी खरोखर नाणं उडवूनच चाल ठरवत असेल, तरी जवळपास सहा रकान्यांत ‘सवय’ सापडेल. सवय मुळात नाहीच. आठातल्या सहाची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर ती ४१ पासून ९३ टक्क्यांपर्यंत पसरते. तेच ७५ टक्के ८० खेळींतून आले असते, तर मर्यादा ६५ ते ८३ अशी आटोपशीर झाली असती.

यावर एक साधा तोडगा आहे, आणि तो कागदावर करता येतो. त्या संघाची एकूण सवय आधी काढायची. समजा ट्रिप्समधून चेंडू दोन्ही बाजूंना अर्धाअर्धा जातो. मग छोट्या रकान्यात याच प्रमाणातल्या दहा काल्पनिक खेळी मिसळायच्या. सहा अधिक पाच, भागिले अठरा : ६१ टक्के. संख्याशास्त्रात याला आकडा सरासरीकडे ओढून घेणं म्हणतात. रकाना जितका छोटा, तितकी ओढ जास्त. खेळी साठच्या पुढे गेल्या की त्या दहांचा फारसा परिणाम उरत नाही.

या ६१ टक्क्यांची किंमत किती? क्लॉड शॅननने १९४८ मध्ये अनिश्चितता बिटमध्ये मोजायची रीत दिली. अगदी अर्धंअर्धं असेल तर एक पूर्ण बिट. ६१-३९ असेल तर ०.९६ बिट, म्हणजे बचाव फळीला जवळजवळ काहीच कळलेलं नाही. ७५-२५ ला ०.८१. ९०-१० ला मात्र ०.४७, अनिश्चितता निम्म्याहून खाली. म्हणून जाणते प्रशिक्षक साठ-पासष्ट टक्क्यांची ओळ खेळाडूंपर्यंत पोहोचूच देत नाहीत. अर्धवट खात्रीने एक पाऊल आधी उचललेला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू), काहीच न सांगितलेल्या लाइनबॅकरपेक्षा जास्त नुकसान करतो.

मग नव्वद टक्क्यांच्या खुणा मिळतात कुठे? बहुधा तक्त्यात नाही, शरीरात. गोलमागच्या कॅमेऱ्यातून पुढच्या फळीतल्या टॅकलचा जमिनीवर टेकलेला हात पाहा. पुढे मुसंडी मारायची असेल तर अंगाचा भार त्या हातावर येतो, बोटं दाबली जातात, पार्श्वभाग वर उचलला जातो. पाससाठी मागे सरकायचं असेल तर हात जमिनीला नुसता शिवलेला असतो आणि भार टाचांकडे. रनिंग बॅकचंही तसंच. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहून चेंडू घेतो तेव्हा, तो त्याच्या शेजारी उभा राहतो. त्याची बोटं क्वार्टरबॅकच्या रेषेत किंवा किंचित पुढे असतील तर बहुधा पास, पाऊलभर मागे असेल तर बहुधा धाव. शेजारून चेंडू घ्यायचा तर त्याला क्वार्टरबॅकच्या समोरून पलीकडे जावं लागतं, त्यामुळे इनसाइड झोन ही धावण्याची चाल सहसा तो उभा असेल त्याच्या विरुद्ध बाजूला निघते. रिसीव्हर नेहमीपेक्षा कडेला सरकून उभा राहिला तर आत वळायला जागा करतोय, आत सरकला तर बाहेर वळायला. दहा खेळी शांतपणे मागे-पुढे करून पाहिल्या की हे दिसू लागतं. सॉफ्टवेअर ते भरून देत नाही.

बचाव वाचणं याहून कठीण, कारण बचाव मुद्दाम सोंग घेतो. सुरुवात मागून करायची : खोलवर सेफ्टी एक की दोन? एक असेल तर बहुधा कव्हर १ किंवा ३, दोन असतील तर कव्हर २ किंवा ४ (आकडा म्हणजे खोलवर राखण करणारे बचावपटू). पण ही नोंद चेंडू निघण्याआधी आणि निघाल्यानंतर अशी दोनदा करायची. दोन नोंदींतला फरक हेच त्यांचं सोंग, आणि ते कोणत्या डाऊनला जास्त दिसतं ते पाहायचं. मोशन लावलेल्या खेळी वेगळ्या काढा. रिसीव्हर इकडून तिकडे पळाला आणि बचावपटू त्याच्यामागे धावला तर बहुधा मॅन, म्हणजे एकास एक पाळत. बाकीचे नुसते एकेक पाऊल सरकले तर झोन, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखणं. नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते ब्लिट्झच्या, म्हणजे नेहमीच्या चारांहून जास्त जण क्वार्टरबॅकवर धाडण्याच्या, रकान्यात. लाइनबॅकर धावून आला की ते ‘ब्लिट्झ’ लिहून मोकळे होतात. पण त्याच वेळी पुढच्या फळीतला एक जण मागे सरकला असेल तर धावून येणारे चारच. तो ब्लिट्झ नव्हेच, त्याचं नाव ‘सिम्युलेटेड प्रेशर’. ही गल्लत झाली की क्वार्टरबॅकला सांगितलं जातं, ‘मागे एक माणूस कमी असेल.’ तो कमी नसतो, आणि चेंडू थेट त्याच्या हातात पडतो.

बेत तयार झाला तरी तो शिकवायला वेळ कुठे? हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांहून जास्त काम घेता येत नाही, शिवाय एक दिवस सुट्टी. म्हणून बरेच संघ मंगळवारी पहिला-दुसरा डाऊन, बुधवारी तिसरा, गुरुवारी रेड झोन (गोलआधीचे शेवटचे २० यार्ड) अशी वाटणी करतात. सरावात प्रतिस्पर्ध्याचं सोंग ‘स्काऊट टीम’ वठवते : पहिल्या वर्षाची मुलं आणि शिष्यवृत्तीविना खेळणारी मुलं. ग्रॅज्युएट असिस्टंट त्यांच्यासमोर जाड पुठ्ठ्याचं कार्ड धरतो. त्यावर अकरा गोल, बाण आणि ज्याला चेंडू द्यायचा त्याच्याभोवती लाल खूण. वीसेक सेकंदांत ते पाहून खेळायचं. कार्डावर प्रतिस्पर्ध्याची परिभाषा लिहिली तर मुलं गोंधळतात, म्हणून चाल त्यांची पण नाव आपलं. अंतरं मात्र फिल्मवरून जशीच्या तशी.

आर्मी आणि नेव्हीसारख्या लष्करी अकादमींच्या ट्रिपल ऑप्शनपुढे, म्हणजे तिघांपैकी चेंडू कुणी न्यायचा हे धावता धावता ठरवणाऱ्या चालीपुढे, हीसुद्धा रीत अपुरी पडते. त्या वेगाची नक्कल स्काऊट टीमला चार दिवसांत जमत नाही, आणि बचावपटू चेंडूचा पाठलाग करत आपलं ठरलेलं काम विसरतात. काही प्रशिक्षक त्या आठवड्यात चक्क चेंडूशिवाय सराव घेतात. चेंडूच नाही म्हटल्यावर प्रत्येकाला आपल्या वाट्याचा माणूस पकडावाच लागतो.

शिवाय समोरचा समन्वयकही (चाली ठरवणारा प्रशिक्षक) रविवारी स्वतःचाच तक्ता भरतो. आपली सवय कुठे उघडी पडली आहे ते त्याला ठाऊक असतं. बरेच समन्वयक पहिल्या १५ खेळी आधीच लिहून ठेवतात आणि त्यात जुन्या सवयी मोडणाऱ्या दोन-तीन पेरतात. म्हणून पहिल्या १५ खेळींचा हिशेब वेगळा ठेवायचा असतो, जुन्या फिल्ममध्येही आणि शनिवारीही.

शनिवारी वर काचेच्या बूथमध्ये टॅबलेट असतो, पण त्यावर फक्त चालू सामन्याचा व्हिडिओ पाहता येतो. विश्लेषणाचा डेटा त्यात ठेवायला नियमाने मनाई आहे. त्यामुळे शेवटचा हिशेब कागद-पेन्सिलीवर चालतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा डाऊन, ९ यार्ड बाकी, डावा हॅश, ट्रिप्स. चेंडू फील्डकडे जातो, ११ यार्ड. आठातले सहा आता नवातले सहा झाले. तक्ता भरणारा पोरगा ६१ खोडून ५८ लिहितो आणि खालच्या ओळीवर येतो : पहिला डाऊन, १० यार्ड बाकी, उजवा हॅश, अधिक ४४.