होळी आणि होला: तिथी शेजारची, काम वेगळं

फाल्गुनात शीख मित्राला ‘हॅपी होली’ म्हणून बघा. एखादा हसून ‘तुम्हालाही’ म्हणेल, दुसरा म्हणेल, ‘आमची होली नाही, होला.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आधी शब्द पाहू. मराठीत सुरीचा सुरा होतो आणि गाडीचा गाडा, तसा पंजाबीत होलीचा होला झाला. होल्याचं पूर्ण नाव होला महल्ला. शीख कोशकार भाई काहनसिंग नाभा यांनी आपल्या कोशात होला महल्ला म्हणजे हल्ला आणि हल्ल्याची जागा, असा अर्थ दिला आहे. खालसा पंथाची स्थापना १६९९ ची. त्यानंतर लवकरच, १७०१ च्या सुमारास, दहावे गुरू गोविंदसिंग यांनी पंजाबातल्या आनंदपुरात होळीनंतरच्या दिवशी होला सुरू केला, असं परंपरा सांगते. शिखांचे दोन गट पाडायचे. एकाने जागा राखायची, दुसऱ्याने चढाई करायची, आणि जिंकेल त्याला गुरूंकडून सिरोपा, म्हणजे मानाचं वस्त्र. त्या काळात आजूबाजूचे पहाडी राजे आणि मोगल फौजा आनंदपुरावर डोळा ठेवून होत्या. त्यामुळे हा खेळ म्हणजे पुढच्या लढायांची तालीमच होती. तिथल्या एका किल्ल्याचं नाव होलगढ आहे, ते याच आठवणीने.

तारखेचा घोळ मात्र आपण मराठी माणसं जास्त घालतो. होला येतो चेत वदी एकला, म्हणजे चैत्र वद्य प्रतिपदेला. ‘चेत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुढीपाडवा उभा राहतो. पण पंजाबात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा चेत लागतो तेव्हा आपला फाल्गुन अजून पंधरा दिवस उरलेला असतो. म्हणजे त्यांचा होल्याचा दिवस तो आपला धुळवडीचा.

होळीचं मुख्य काम रात्रीचं: होलिका पेटवायची, नारळ आणि पुरणपोळी वाहायची, प्रदक्षिणा घालायची. होल्यात यातलं काहीच नाही. शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, तिथी-मुहूर्त मानणं, होम, एकादशी-पौर्णिमेचे उपास या सगळ्याला नकार आहे. दिवस पवित्र म्हणून नव्हे, संगत, म्हणजे शिखांचा मेळा, जमावी म्हणून धरायचा. ही रीत दहाव्या गुरूंच्याही आधीची. तिसरे गुरू अमरदास यांनी वैशाखी आणि दिवाळीला शिखांना गोइंदवालला बोलावलं होतं. लोकांना ते दिवस पाठ होतेच, म्हणून तेच धरले. दिवाळीला पुढे सहावे गुरू हरगोबिंद यांच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून झालेल्या सुटकेची आठवण जोडली गेली आणि ती बंदी छोड दिवस झाली.

होलिका नाही, मग प्रल्हादही नाही? इथे उलट आहे. गुरू ग्रंथसाहिबात प्रल्हाद सन्मानाने येतो, आणि त्याची एक कथा तर आपल्या नामदेवांनी सांगितली आहे. हे पोरगं शिकतच नाही, नुसतं हरिनाम घेतं, अशी तक्रार घेऊन त्याचे गुरुजी जातात, तिथून ते पद सुरू होतं. ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातलंच हे एक. होळीही टाकून दिलेली नाही, तिचा अर्थ बदलला आहे. पाचवे गुरू अर्जन म्हणतात, ‘होली कीनी संत सेव’: संतांची सेवा हीच माझी होळी.

असं असूनही आनंदपुरात निळ्या पोशाखातल्या निहंगांवर, म्हणजे शस्त्रधारी शीख योद्ध्यांवर, गुलाल उधळला जातोच! दोन घोड्यांवर उभं राहून दौड, गतका म्हणजे लाठी-तलवारीचे खेळ, भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं आणि दिवसभर लंगर. काहींना हा गुलालही खटकतो. होळीला शिखांनी शिवूच नये, असं ते म्हणतात. सोसायटीत मुलांबरोबर पिचकारी घेऊन उतरणारे सरदारजीही तुम्ही पाहिले असतील. माझ्या मते ते उत्सवात शेजारी म्हणून उतरलेले असतात. त्यावरून त्यांच्या श्रद्धेचं माप काढू नये.

हे सगळं जवळून पाहायचं तर आनंदपूरपर्यंत जायलाच हवं असं नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, आणि तिथला तख्त सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. इथे होला आणि दसरा दोन्हींना हल्लाबोल निघतो: अरदास, म्हणजे प्रार्थना, होते, ‘बोले सो निहाल’चा जयकारा उठतो आणि तलवारी उगारून माणसं धावत सुटतात. दिवाळीत गोदावरीच्या पाण्याने तख्त धुतलं जातं. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वारांत आरती फक्त गायली जाते, कारण गुरू नानकांच्या त्या शब्दांत आकाशच तबक आहे आणि सूर्य-चंद्र दिवे. हजूर साहिबात मात्र हातात खरं तबक आणि त्यात पेटते दिवे असतात. पंजाबातून पहिल्यांदा आलेला भाविक ते पाहून चपापतो. इथल्या दख्खनी शिखांना त्यात नवल वाटत नाही.