बेटी फोर्ड ९३ वर्षं जगल्या, श्रेय नेमकं कुणाला?

अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या बायकांना आयुष्य भरपूर लाभलेलं दिसतं, बेस ट्रुमन ९७, रोझलिन कार्टर ९६, लेडी बर्ड जॉन्सन ९४. पण यातली खरी इंटरेस्टिंग केस बेटी फोर्ड यांची, कारण त्यांना ५६व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि तरी त्या पुढे जवळपास ३७ वर्षं जगल्या, २०११ मध्ये गेल्या तेव्हा वय ९३!

झालं असं की ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले, जेराल्ड फोर्ड त्या खुर्चीत बसले आणि दोन महिनेही झाले नसतील तोच बेटीबाई ओळखीतल्या एकीच्या तपासणीला सोबत म्हणून गेल्या आणि आलोच आहोत तर म्हणून स्वतःचीही तपासणी करून घेतली. उजव्या स्तनात गाठ डॉक्टरांच्या हाताला लागली. २८ सप्टेंबरला बेथेस्डाच्या नौदलाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन.

तेव्हाची पद्धत वाचून अंगावर काटा येतो. भूल द्यायची, गाठ काढायची, ती तिथल्या तिथे गोठवून पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि कॅन्सर दिसला की त्याच भुलीत अख्खा स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लिम्फ नोड्स (लसिकाग्रंथी), सगळं काढून टाकायचं. बाई शुद्धीवर येईपर्यंत तिला पत्ताच नाही काय राहिलं नि काय गेलं ते. बेटींच्या काखेतही कॅन्सर पोचला होता, म्हणून पुढे केमोपण झाली.

एवढं मोठं ऑपरेशन का, तर हॅलस्टेड नावाच्या सर्जनचा १९व्या शतकापासून चालत आलेला विचार, की कॅन्सर शेजारून शेजारी सरकत जातो, त्यामुळे जेवढं जास्त कापाल तेवढा पेशंट सुरक्षित. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर म्हणत होते तसं नाही, तो रक्तातून लवकरच दुसरीकडे गेलेला असू शकतो. आणि योगायोग बघा, बेटींच्या ऑपरेशननंतर दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, फिशर यांनी आपल्या ट्रायलचे, म्हणजे दोन्ही प्रकारच्या ऑपरेशनांची पेशंटांवर तुलना करणाऱ्या अभ्यासाचे, सुरुवातीचे निकाल मांडले, की स्नायू न कापताही बायका तेवढ्याच जगतात. २५ वर्षांचा फॉलोअप २००२ मध्ये छापून आला, फरक तेव्हाही नाही. म्हणजे बेटींच्या ९३ वर्षांचं श्रेय त्या स्नायू कापण्याला देता येत नाही.

मग लवकर सापडला म्हणून वाचल्या का? शक्य आहे, पण एका माणसावरून हे सांगताच येत नाही. समजा दोघी २००० सालीच वारल्या, एकीचा कॅन्सर १९८५ ला सापडला, दुसरीचा १९९२ ला, तर कागदावर पहिली सात वर्षं जास्त 'जगली' असं दिसतं, प्रत्यक्षात तिला फक्त आधी कळलं. याला लीड टाइम बायस म्हणतात, आणि 'अमुक तपासणी केली म्हणून वाचलो'वाले व्हॉट्सॲप फॉरवर्ड नव्वद टक्के वेळा इथेच गंडतात (हा आकडा माझा, रागातला).

बेटींनी मात्र आजार लपवला नाही, पेपरांत बातमी आली आणि बायका तपासणीला धावल्या. त्या वर्षी अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या केसेसचा आलेख एकदम वर गेला. रोग वाढला नव्हता, शोधणारे वाढले होते. त्या उंचवट्याला आजही बेटी फोर्ड यांचंच नाव आहे.

गाठ हाताने तपासून जीव वाचतात का, याची नीट परीक्षा घेतली ती आपल्या मुंबईत, टाटा मेमोरियलने. १९९८ पासून सुमारे दीड लाख बायका, त्यातल्या अर्ध्यांची तपासणी ट्रेनिंग दिलेल्या साध्या हेल्थ वर्कर्सनी दर दोन वर्षांनी केली, मॅमोग्राफी वगैरे काही नाही. २० वर्षांनंतरचे निकाल २०२१ मध्ये आले, तपासणी न झालेल्या अर्ध्यांच्या तुलनेत सगळ्या वयांत मिळून ब्रेस्ट कॅन्सरच्या मृत्यूंतली घट खात्रीने सांगण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ती ३० टक्क्यांच्या आसपास निघाली. गाठ सापडली तेव्हा बेटी ५६ वर्षांच्या होत्या.