औषधं चोरली की एवढी कलमं का लागतात? थोडी मागची हिस्टरी

अमेरिकेतल्या बातम्या वाचताना एक गोष्ट डोक्यात जाते, हॉस्पिटलमधल्या कुणीतरी पेनकिलर चोरले असतात आणि केस मात्र भलत्याच कलमांखाली उभी राहते. हे आजचं नाही, शंभर वर्षांत एकावर एक कायदे चढत गेलेत.

१९१४ च्या डिसेंबरात हॅरिसन कायदा आला. अफू आणि कोकापासून बनणाऱ्या औषधांना केंद्र सरकारने लगाम घातला खरा, पण कागदोपत्री तो चक्क टॅक्सचा कायदा होता, डॉक्टर-केमिस्टनी नाव नोंदवायचं, वर्षाला १ डॉलर भरायचा, हिशोब ठेवायचा. दुकान फोडून कुणी मॉर्फिन नेलं तर ती राज्याच्या पोलिसांकडची साधी घरफोडी.

खरा बदल झाला १९७० ला. निक्सनच्या काळात कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्ट झाला, औषधं पाच शेड्यूलमध्ये, म्हणजे व्यसनाच्या धोक्यानुसार केलेल्या गटांत, वाटली गेली आणि कारखाना, होलसेलर, केमिस्ट, हॉस्पिटल सगळे रजिस्ट्रेशनखाली आले, माल फिरणार तो यांच्यातच. मग गोळीची किंमत किती हा प्रश्न मागे पडला आणि ती कुठल्या शेड्यूलमधली, हातात आली कशी, हे महत्त्वाचं झालं. खोटं प्रिस्क्रिप्शन दाखवून किंवा फसवून औषध मिळवलं तर ४ वर्षांपर्यंत कैद, नुसतं जवळ सापडलं तर वेगळं कलम, आणि विकायचा इरादा दिसला तर शेड्यूल दोनच्या मालाला २० वर्षांपर्यंत. एका चोरीत तीन-तीन कलमं दिसतात ती इथून.

पण केमिस्टच्या दुकानावर दरोडा पडला तर केंद्राचं म्हणून कलमच नव्हतं! ते आलं १९८४ ला. माल किमान ५०० डॉलरचा असेल, किंवा राज्याची हद्द ओलांडली असेल, किंवा कुणी जबर जखमी झालं वा मेलं असेल तर २० वर्षांपर्यंत, हत्यार वापरलं तर २५, जीव गेला तर जन्मठेपसुद्धा. राज्यांचे कायदे वेगळेच. फ्लोरिडात साध्या चोरीला मोठा गुन्हा व्हायला साधारण ७५० डॉलरचा माल लागतो, कंट्रोल्ड औषध असेल तर कितीही थोडं असो, थेट फेलनी, म्हणजे तोच मोठा गुन्हा.

आणखी एक कडक कलम आलं ते मात्र औषधचोरीसाठी नव्हतंच. १९८२ ला शिकागोच्या आसपास टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात जण गेले, आणि १९८३ ला वस्तूंमध्ये भेसळ-छेडछाड करण्याविरुद्ध कायदा झाला. तो पुढे हॉस्पिटलमधल्या चोरांवर लागायला लागला. कारण तिथली चोरी कपाट फोडून होत नाही. ऑपरेशनसाठी फेंटानिल हे जबर पेनकिलर भरून ठेवलेली सिरिंज असते, ती उचलायची, स्वतःला टोचायची, रिकामी झाली की सलाइन भरून जागेवर ठेवायची. पेशंटला मिळतं मिठाचं पाणी आणि वर चोराच्या रक्तातलं जे काय असेल ते. न्यू हॅम्पशायरच्या एक्सेटर हॉस्पिटलमध्ये २०१२ ला हेच उघडकीस आलं, एका टेक्निशियनमुळे वेगवेगळ्या राज्यांतल्या पेशंटना हेपेटायटिस सी झाला. २०१३ च्या डिसेंबरात त्याला ३९ वर्षांची कैद झाली, आरोप होते छेडछाडीचे आणि फसवून औषध मिळवल्याचे. माझ्या मते ही शिक्षा औषध चोरल्याची नाहीच, पेशंटच्या जिवाशी खेळल्याची आहे, आणि ते बरोबरच आहे.

हॉस्पिटलं सुटतात असं पण नाही. औषध चोरीला गेलं की एका कामकाजाच्या दिवसात डीईएला, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याला, लेखी कळवायचं, मग फॉर्म १०६ भरायचा, उरलेलं इंजेक्शन फेकताना दुसऱ्याची साक्षीला सही घ्यायची, हे सगळं कागदावर असतं, पाळलं जातंच असं नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये दोन नर्सनी मिळून जवळपास १६,००० गोळ्या नेल्या, त्या प्रकरणात २०१५ ला हॉस्पिटलने २३ लाख डॉलर भरून सेटलमेंट केली.