दक्षिणेचा वारा सुटेपर्यंत

ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदी बंगालच्या उपसागराला मिळते. फेब्रुवारीत तिथल्या मुखाजवळ होडी घेऊन गेलं, की पाण्यावर ठिकठिकाणी करडी-हिरवट डोकी वर येताना दिसतात. श्वास घेतात आणि पुन्हा बुडतात. ही ऑलिव्ह रिडले कासवं. किनारा जवळ आहे, पोटात अंडी तयार आहेत, तरी दिवसेंदिवस एकही मादी वाळूवर येत नाही. मग एखाद्या संध्याकाळी दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो आणि अंधार पडला की पहिली मादी लाटेतून बाहेर येते. तिच्यामागे दहा, मग शंभर. मध्यरात्रीपर्यंत वाळूवर पाय ठेवायला जागा उरत नाही.

या सामूहिक आगमनाला जगभर ‘अरिबाडा’ हा स्पॅनिश शब्द रूढ आहे. त्याचा अर्थच ‘आगमन’. मेक्सिको, कोस्टा रिका, निकाराग्वा इथले मोजके किनारे आणि आपल्याकडचा ओडिशा, अशा थोड्याच ठिकाणी ऑलिव्ह रिडले इतक्या मोठ्या संख्येने येतात. ऋषिकुल्येला २०२३ मध्ये सहा लाखांहून अधिक घरट्यांची नोंद झाली. २०२४ मध्ये तिथे अरिबाडा झालाच नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यालाच तो सुरू झाला आणि आकडा सात लाखांच्या जवळ पोहोचला. किनारा तोच आणि नदीही तीच, मग इतका फरक का पडावा?

मला या साऱ्यात सर्वांत थक्क करते ती मादीची थांबण्याची क्षमता. अंडं तिच्या पोटात असतानाच गर्भाची वाढ सुरू होते, पण एका ठरावीक टप्प्यावर ती थबकते, कारण अंडनलिकेत ऑक्सिजन फार कमी असतो. अंडं वाळूत पडलं, हवा मिळाली, की काही तासांतच वाढ पुन्हा चालू होते. म्हणजे हवामान जुळेपर्यंत अंडी ‘रोखून धरण्याची’ सोय तिच्या शरीरातच आहे. एकेकट्याने येणाऱ्या माद्या साधारण पंधरवड्याने पुन्हा अंडी घालतात, तर अरिबाडातल्या माद्या जवळजवळ महिनाभर थांबू शकतात. आपल्या कोकणात घरटी जपणाऱ्या कासवमित्रांना या गोष्टीचा दुसरा पदर रोजच्या कामातून माहीत आहे. घरटं हलवायचं तर पहिल्या काही तासांतच, आणि अंडं ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने टोपलीत ठेवून. वाढ पुन्हा सुरू झाल्यावर गर्भ कवचाच्या आत चिकटतो. मग अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो.

थांबायचं, पण कशासाठी? वारा हा त्यातला ठळक इशारा. किनाऱ्यावरचे मच्छीमार तो पिढ्यान्पिढ्या ओळखत आले आहेत आणि अभ्यासकांच्या नोंदींतही जोराच्या दक्षिणी वाऱ्यानंतर अरिबाडा सुरू झाल्याचं वारंवार दिसतं. चंद्राचाही हात असतो. कोस्टा रिकाच्या ओस्टिओनल किनाऱ्यावर अरिबाडा बहुतेक वेळा वद्य अष्टमीच्या आसपास होतो. कोकणात ज्याला आपण भांग म्हणतो, ते हेच दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी किनाऱ्यावर खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. भांगाला ही चढउतार कमी असते आणि रात्रीचा पहिला भाग अंधाराचा असतो. ओडिशात चंद्राचा नियम इतका काटेकोर चालत नाही, तिथे वाऱ्याचंच पारडं जड असतं.

आणि मग वाळू. मादी वाळूवर आली, की भरतीच्या रेषेच्या वर सरकत जाते आणि एका जागी थांबते. पुढच्या पायांनी ती वरची कोरडी वाळू उडवते, मग मागच्या पायांनी खड्डा खणते. एक पाय पेल्यासारखा वाकवून मूठभर वाळू अलगद वर काढायची, बाजूला टाकायची, मग दुसरा पाय आत. दोन्ही पाय आळीपाळीने, डोळ्यांनी न बघता. दीड फूट खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा सुरईसारखा खड्डा तयार होतो. वाळू फार कोरडी असेल तर कडा ढासळतात आणि मादी तो सोडून देते. जमलं, की शंभर-सव्वाशे पांढरी गोल अंडी त्यात पडतात. शेवटी ती खड्डा बुजवते आणि अंग डावी-उजवीकडे झुलवत वाळू ठोकून बसवते. अरिबाडाच्या रात्री हजारो कवचांचा तो धप-धप आवाज लाटांमध्ये मिसळतो.

ही वाळू कायमची नाही. नद्यांनी आणलेला गाळ, पुराचं पाणी आणि चक्रीवादळं मिळून ती घडवतात आणि मोडतात. ऋषिकुल्येच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा दरवर्षी आकार बदलतो. ओडिशातच उत्तरेला असलेल्या गहिरमाथ्याला एकेकाळी लांबच लांब सलग किनारा होता. समुद्राने तो खात-खात तोडला आणि आता कासवं प्रामुख्याने नासी बेटांवर येतात. किनारा अरुंद आणि उभ्या चढाचा झाला, की पाण्यात लाखभर कासवं असूनही अरिबाडा हुकू शकतो. गहिरमाथा १९९७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि या हंगामात ओडिशा सरकार तिथल्या समुद्रात मासेमारी बंद ठेवतं. ते हवंच, पण वर नदीवर बंधारा बांधला आणि खाली गाळ येईनासा झाला, तर मासेमारीबंदीने वाळू परत येत नाही. ही गोष्ट फारशी बोलली जात नाही याची मला खंत वाटते.

गर्दीची किंमतही असते. हजारो माद्या एकाच पट्ट्यात खणतात तेव्हा नंतर आलेली मादी आधीच्या मादीची अंडी उकरते. फुटलेली अंडी कुजतात, वाळूतला ऑक्सिजन संपतो, बुरशी-जिवाणू वाढतात. तरीही माद्या एकत्र येतात, कारण कोल्हे, कुत्रे, घारी, खेकडे मिळून लाखो अंडी आणि पिल्लं संपवू शकत नाहीत.

मात्र प्रत्येक मादी गर्दीतच येते असं नाही. २०२१ मध्ये ओडिशात ०३२३३ क्रमांकाचा टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या किनाऱ्यावर एकटीच अंडी घालताना सापडली. जवळपास साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास! दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगवेगळी, ही आपली सोयीची समजूत त्या एका क्रमांकाने पुसून टाकली.

अंडी घालून झाल्यावर मादी समुद्रात जाते ती जातेच. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस सगळं वाळूच्या तापमानावर. साधारण ३० अंशांच्या आसपास नर-मादी दोन्ही निपजतात, त्याहून गरम वाळूत बहुतेक माद्या, थंड वाळूत बहुतेक नर. वाळू सतत ३५ अंशांच्या वर राहिली तर अंड्यातच जीव जातो. ओस्टिओनलला कोरड्या ऋतूतली घरटी याच उष्णतेने मोठ्या प्रमाणावर वाया जातात. ओडिशात आणि कोकणातही पिल्लं बाहेर पडतात ती एप्रिल-मेच्या उन्हाच्या तोंडावर, म्हणून अरिबाडा फेब्रुवारीत झाला की मार्च संपताना, हा फरक फार मोठा ठरतो.

अंड्यातून निघालेली पिल्लं एकमेकांना ढोसत, वाळू खाली पाडत वर चढतात आणि पृष्ठभागाच्या इंचभर खाली येऊन थांबतात. वरची वाळू तापलेली असेल तर कुणी हलत नाही. सूर्य बुडतो, वाळू निवते, आणि मगच वर बारीकसा खळगा पडतो, त्यातून पहिलं काळं डोकं बाहेर येतं.