डिस्चार्ज बुकातला कोरा रकाना: १९६५ आणि १९७१ च्या पदकांच्या नोंदीची पार्श्वभूमी

भुदरगड तालुक्यातल्या एका माजी सैनिकाने आपल्या लष्करी दप्तरात तीन पदकांची नोंद व्हावी म्हणून अर्ज केला आहे. रक्षा पदक १९६५ चे, संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार १९७१ च्या युद्धाचे. भरती १९६३ च्या सुरुवातीची, घरी परतले १९७३ मध्ये, निवृत्तिवेतन नाही. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी जवानाच्या हाती दिल्या जाणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, पदकांच्या रकान्यात 'सैन्य सेवा पदक' एवढी एकच ओळ आहे, खालची जागा कोरी. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयामार्फत कागद रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे दप्तर सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयाला, गेले. उत्तर आले ते एका ओळीचे: संबंधिताचे सेवा-अभिलेख मुदत संपल्यामुळे नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत, सबब नोंद करता येत नाही.

यात पैशाचा प्रश्न नाही. शौर्य पदकाबरोबर भत्ता येतो, राज्य सरकारचे अनुदान येते. सेवा पदकाबरोबर दमडीही येत नाही. हा माणूस अमुक काळात गणवेशात होता, एवढेच ते पदक सांगते. म्हणूनच नोंद नाकारली की ते माणसाच्या मनाला लागते.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. संस्थानची स्वतःची रायफल पलटण होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती पलटण पुढे मराठा रेजिमेंटची एकोणिसावी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश इथून परतलेल्या इथल्या जवानांच्या छातीवर ब्रिटिश स्टार होते, त्यात १९४७ च्या स्वातंत्र्य पदकाची भर पडली. एका सरकारने दिलेली पदके दुसऱ्या सरकारच्या कागदावर आणि संस्थानी नोकरीची वर्षे लष्करी कागदावर चढवताना तेव्हाही गोंधळ झाले. पण ती पिढी आता जवळजवळ संपली. आज कार्यालयाच्या बाकावर बसलेले म्हातारे साठ-सत्तरच्या दशकातले आहेत, आणि त्यांची अडचण वेगळ्या जातीची आहे.

२६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली आणि चीनच्या युद्धानंतर लष्कर झपाट्याने वाढवले गेले. गारगोटी, आजरा, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळातली सैनिक टाकळी, या पट्ट्यातून पोरे भरती झाली. पायदळाची त्या वेळची रीत साधारण सात वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढची आठ राखीव दलात, अशी होती. एकूण पंधरा भरली तर राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन. आधीच मोकळे केले तर ग्रॅच्युइटी घ्यायची आणि एस.टी. धरायची. दोन युद्धे पाहिलेला जवान निवृत्तिवेतनाशिवाय घरी आला तो असा.

पदकांचे वेळापत्रक आणि जवानांचे वेळापत्रक कधी जुळलेच नाही. युद्ध आधी होते; पदक स्थापन करण्याची घोषणा नंतर; पात्रतेचे नियम त्याच्या नंतर; मग पलटणीने 'पार्ट टू ऑर्डर' (जवानांच्या सेवेतल्या नोंदींचा लेखी आदेश) काढायची, ती रेकॉर्ड ऑफिसला पोहोचायची, तिथल्या कारकुनाने शीट रोलवर, म्हणजे त्या जवानाच्या सेवेच्या तपशीलवार नोंदपत्रकावर, चढवायची, आणि प्रत्यक्ष धातूचे पदक टांकसाळीतून येईल तेव्हा येणार. या साखळीत जवान मध्येच घरी गेला तर त्याचे डिस्चार्ज बुक तिथेच बंद होते. पुढे निघालेली ऑर्डर त्याच्या बुकात कोण लिहिणार? बुक गावी ट्रंकेत, ऑर्डर पलटणीत, आणि पलटण एव्हाना दुसऱ्या सरहद्दीवर. पदक पोस्टाने घरी आले तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेले असते, तोच एक पुरावा. पुष्कळांकडे तेही आले नाही. त्यांनी छावणीतल्या दुकानातून नमुन्याबरहुकूम पदक आणि फीत विकत घेऊन कोटावर लावली, आणि १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला तीच लावून ते उभे राहतात. त्यात लबाडी नाही. पण 'हे तुमच्या बुकात कुठे आहे?' असे कुणी चारचौघांत विचारले की त्या माणसाकडे उत्तर नसते.

नावांचा गुंता वेगळाच. १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर 'जम्मू आणि काश्मीर' असा क्लॅस्प (फितीवरची नावाची पट्टी) आहे, तो पहिल्या काश्मीर युद्धाचा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सैन्य सेवा पदकावरही 'जम्मू आणि काश्मीर' असाच क्लॅस्प आहे, पण तो खडतर भागात काढलेल्या बिगर-लढाईच्या सेवेचा. अर्ज लिहून देणारा नातू क्लॅस्प वाचतो आणि पदकाचे नाव चुकीचे लिहितो. तेवढ्यावर अर्ज परत. १९६५ आणि १९७१ ला तर प्रत्येकी दोन थर आहेत. समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना, रक्षा पदक त्या वेळी सेवेत असलेल्या सर्वांना. तसेच १९७१ ला 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' आघाडीवरच्यांना, संग्राम पदक सर्वांना. हा फरक पुढच्या मुद्द्यासाठी नीट ध्यानात ठेवावा लागतो.

आता खऱ्या वादाकडे. लष्कराच्या नियमावलीच्या १९८७ च्या सुधारित आवृत्तीत परिच्छेद ५९५ आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रे सेवा संपल्यापासून २५ वर्षे ठेवायची आणि मग नष्ट करायची, हा रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तराचा आधार. बाजू समजण्यासारखी आहे: लाखो शीट रोल, कपाटे, वाळवी, जागा. ज्याचे देणे उरलेले नाही त्याचे दप्तर किती काळ सांभाळायचे? हिशेब पैशाचा असता तर हे बरोबरही ठरले असते.

पण शीट रोल म्हणजे फक्त देण्याघेण्याची वही नव्हे. कोणत्या पलटणीत, कोणत्या तारखेपासून, कुठल्या कोर्सला, कुठल्या अटॅचमेंटवर, कोणत्या इस्पितळात, हे सगळे तिथेच असते, आणि पदकाची पात्रता नेमकी यावरच ठरते. निवृत्तिवेतन नाही म्हणून ज्याचे दप्तर कमी मोलाचे धरले, त्यालाच पुढे पुरावा आणायला सांगितले जाते. १९७३ ला सुटलेल्याची २५ वर्षे १९९८ ला संपली. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. म्हणजे आपल्या शीट रोलची प्रत मागण्याचा सोपा रस्ता सापडला तेव्हा देण्यासारखे कागदच उरले नव्हते. आणि नष्ट करण्यापूर्वी माणसाला साधे पोस्टकार्ड पाठवून 'तुमचे काही राहिले आहे का' असे विचारण्याची रीत नव्हती. गावाचे नाव, पोस्ट, तालुका, सगळे त्याच रोलवर लिहिलेले असताना. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय तो हा, नोंद चुकण्याचा नव्हे.

२००९ पासून सशस्त्र दलांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. तिथेही अशा प्रकरणांत सरकारी बाजू हाच परिच्छेद पुढे करते. अपंगत्व निवृत्तिवेतन, कुटुंब निवृत्तिवेतन यांचे दावे वकील लावून लढवले जातात, कारण त्यात घरखर्च अडकलेला असतो. पदकाच्या एका ओळीसाठी वकिलाची फी कोण देणार? म्हणून हा प्रश्न निकालापर्यंत फारसा जातच नाही, अर्जाच्या टेबलावरच विरतो.

घरच्या बाजूचा पुरावाही विरत गेला आहे, आणि त्यात पंचगंगा-कृष्णेचा वाटा मोठा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर भागातल्या घरांत पाणी दिवसेंदिवस थांबून राहिले. ट्रंका पलंगाखाली होत्या. डिस्चार्ज बुकाची पाने एकमेकांना चिकटून लगदा झालेली, शाई उतरलेली, फितीचे रंग कागदाला लागलेले, अशी बुके लोक पिशवीत घालून कार्यालयात आणत. दुय्यम प्रत मागावी तर ती ज्या शीट रोलवरून काढायची तो रोल नष्ट. नावाचाही घोळ आहे. रोलवर इंग्रजीत नुसते पांडुरंग, आधारवर पांडुरंगराव. गावाचे स्पेलिंग तिसरेच. सोबतच्या जवानांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत तर सोबतचे आता थोडे राहिले आणि त्यांतल्या काहींना स्वतःचाच नंबर आठवत नाही.

तरीही 'दप्तर नष्ट' या उत्तराने विषय संपत नाही, आणि भुदरगडच्या प्रकरणात दुसऱ्या फेरीच्या अर्जात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. शीट रोल गेला तरी लाँग रोल राहतो. त्यात नंबर, नाव, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख असते. आता वरचे दोन थर पाहा. रक्षा पदकाला ५ ऑगस्ट १९६५ रोजी सेवेत असणे आणि तोवर १८० दिवस भरलेले असणे लागते. संग्राम पदकाला ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातली सेवा. पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाच्या पदकाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणे. या तिन्हींना कुठे होता हे विचारण्याची गरज नाही, केव्हा होता एवढेच पुरते. १९६३ ला भरती आणि १९७३ ला सेवामुक्त या दोन तारखांनी तिन्ही पात्रता सिद्ध होतात. यातले स्वातंत्र्यदिनाचे पदक अर्जदाराने पहिल्यांदा मागितलेही नव्हते. त्याला ते लागू आहे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

पश्चिमी स्टारचे तसे नाही. तिथे आघाडीवरची हजेरी लागते, आणि नुसत्या तारखा त्याला पुरणार नाहीत. त्यासाठी पलटणीची युद्ध-दैनंदिनी, त्या महिन्यांच्या पार्ट टू ऑर्डरींच्या कार्यालयीन प्रती, किंवा जवान जखमी झाला असेल तर इस्पितळाची नोंद शोधावी लागेल. जवान मूळ पलटणीतून दुसरीकडे अटॅच असेल तर ऑर्डर कोणी काढायची होती यावरच दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. सगळे एकाच अर्जात घातले की स्टारचा पुरावा नाही म्हणून बाकीची दोन पदकेही त्याच्याबरोबर नाकारली जातात. या प्रकरणात पहिल्या फेरीला तेच झाले होते.

दुसऱ्या फेरीत अर्ज दोन केले आहेत. पहिल्यात रक्षा, संग्राम आणि पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचे पदक. सोबत लाँग रोलच्या उताऱ्याची मागणी आणि डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत. दुसऱ्यात फक्त पश्चिमी स्टार, पलटणीचे नाव आणि डिसेंबर १९७१ मधले ठिकाण लिहून. धातूच्या पदकाची मागणी दोन्हींत मुद्दाम केलेली नाही, कारण ती वेगळ्या रांगेतली बाब आहे आणि तिच्यासाठी नोंद अडकू नये. दोन्ही अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे आहेत.