लाइमची टेस्ट अशी का आहे, थोडी पार्श्वभूमी

न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या भागात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, की अंगावर लाल चट्टा उठला, लाइमची (गोचीड चावून होणाऱ्या एका जंतुसंसर्गाची) टेस्ट केली, निगेटिव्ह आली, मग आता सुटलो का? तर नाही, आणि का नाही ते कळायला जरा मागे जावं लागतं.

१९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम नावाच्या गावात (आजाराचं नाव त्यावरूनच) आणि आजूबाजूच्या गावांत मुलांचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर म्हणायचे मुलांचा संधिवात. पॉली मरे नावाची तिथलीच एक आई, घरातले सगळेच आजारी, ती आरोग्य खात्याच्या मागेच लागली की एवढ्याशा भागात इतक्या जणांना एकदम संधिवात होतोच कसा, आणि मग येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तपासाला आले. १९७७ च्या त्यांच्या पेपरात ५१ पेशंट आहेत, त्यातली ३९ मुलं. साधारण पाव लोकांना आधी चट्टा उठल्याचं आठवत होतं, आणि त्या जागी गोचीड चावल्याचं फक्त एकाला! आजही "गोचीड चावली होती का" विचारतात आणि नाही म्हटलं की विषय संपवतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, ती कळणार कशी?

जंतू सापडला १९८१ मध्ये. मोंटानातल्या हॅमिल्टनच्या लॅबमध्ये विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिड्या चिरून बघत होते, शोधत होते दुसऱ्याच तापाचे जंतू, आणि आतड्यात दिसले लांब पिळदार जंतू. त्यांच्याच नावावरून मग बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव पडलं.

आता जंतू कळल्यावर टेस्ट सोपी व्हायला हवी होती ना? पण हा रक्तात फार थोडा सापडतो, कल्चर करायचं तर खास माध्यम लागतं आणि वेळही खूप जातो, म्हणून सगळी भिस्त अँटीबॉडीवर, आणि त्या तयार व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. निगेटिव्हची सगळी गोची इथेच आहे. शिवाय सुरुवातीला एका लॅबचा रिझल्ट दुसरीशी जुळेना, म्हणून १९९४ मध्ये मिशिगनच्या डिअरबॉर्नला बैठक होऊन दोन पायऱ्या ठरल्या, आधी एलायझा ही अँटीबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट, ती पॉझिटिव्ह किंवा धड ना इकडे ना तिकडे आली तर वेस्टर्न ब्लॉट.

ब्लॉट म्हणजे एक पातळ पट्टी, तिच्यावर पेशंटचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) घालायचं आणि कुठे कुठे गडद रेषा उमटतात ते बघायचं. आयजीएमला (आधी तयार होणारी अँटीबॉडी) तीनपैकी दोन रेषा हव्यात (२३, ३९, ४१, हे जंतूच्या प्रथिनांचे नंबर), आयजीजीला (नंतर तयार होणारी) दहापैकी पाच. यातली ४१ ची रेषा निरोगी माणसातही बऱ्याचदा उमटते, तिच्या जोडीला २३ ची पुसटशी दिसली की झालं पॉझिटिव्ह. म्हणून लक्षणं सुरू होऊन महिना उलटल्यावर नुसत्या आयजीएमवर विसंबायचं नाही. २०१९ मध्ये एफडीएने (अमेरिकेत औषधं आणि टेस्टना मान्यता देणारी सरकारी संस्था) ब्लॉटऐवजी दुसरी एलायझा चालेल असं मान्य केलं, त्याने सुरुवातीच्या केसेस थोड्या जास्त सापडतात, पण पहिल्या काही दिवसांत तीही चुकतेच.

त्यामुळे लाइम आढळतो अशा भागात नमुनेदार पसरत जाणारा चट्टा दिसला तर टेस्टसाठी थांबायचं नाही, डॉक्टर बघूनच निदान करतात आणि औषध सुरू करतात. उलट बरं झाल्यावरही अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहू शकतात, म्हणून "गेला का" बघायला परत टेस्ट करण्यात अर्थ नाही. लोकांचा त्रास खरा असतो, उत्तर मिळत नाही, आणि मग लघवीतून लाइम शोधणाऱ्या, नीट पडताळणी न झालेल्या महागड्या टेस्टवर पैसे जातात, याचं फार वाईट वाटतं. सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) २००५ मध्येच अशा टेस्टबद्दल सावध केलं होतं.

आणि तीच गोचीड बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा या दुसऱ्या जंतूंचे आजार पण देऊ शकते, ते लाइमच्या टेस्टमध्ये दिसत नाहीत. जोराचा ताप, थंडी असेल तर रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) वेगळं मागावं लागतं. आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, गोव्यातल्या सत्तरी भागातला माकडतापही गोचिडीचाच, पण तो व्हायरस, त्याला सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआर आणि नंतर आयजीएम एलायझा, लाइमची टेस्ट तिथे काही कामाची नाही.