फ्लश मारून घ्यायचा का, साहेब?

माझी गाडी २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी. एक लाख बारा हजार किलोमीटर पळालेली असताना सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं, याचा एकही कागद मिळाला नाही. गेल्या डिसेंबरात नाशिकमध्ये मायको सर्कलजवळच्या गॅरेजात ती ऑइल बदलायला नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतून फिकट पिवळसर, ताकावर जमलेल्या लोण्यासारखा लपका बसला होता. मग त्याने मोबाइलचा टॉर्च भोकातून आत मारला. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांच्या, आजूबाजूला काळपट तपकिरी थर दिसत होता. बोट घातलं, तर बोटाला कोमट डांबरासारखं काहीतरी चिकटून आलं.

"साहेब, फ्लश मारून घ्या. दहा मिनिटांचं काम. इंजिन आतून चकाचक."

मागच्या फळीवर फ्लशचा, म्हणजे इंजिन आतून धुवायच्या रसायनाचा, डबा होताच. जुन्या ऑइलमध्ये ओतायचा, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, सगळं काळं पाणी खाली सोडायचं, फिल्टर बदलायचा आणि नवीन ऑइल भरायचं. मी "थांबा जरा" म्हणालो आणि बाहेर येऊन चहा सांगितला. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण डब्यावर 'चकाचक' लिहिलेलं असलं की मला आधी विचारावंसं वाटतं, निघालेली घाण जाते कुठे?

आधी ही घाण येते कुठून ते बघू. ज्या कढईत वर्षानुवर्षं भजी तळली जातात, तिच्या बाहेरच्या कडेला कसा एक चिवट तपकिरी थर बसतो? घासणीने निघत नाही, नखाने खरवडला तर तुकड्याने निघतो. तेल तापलं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला, लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक झाले आणि पातळ तेलाचा राळेसारखा थर झाला. इंजिनातलं ऑइल खनिज तेलापासून आलेलं, तळणीचं तेल बियांपासून, त्यामुळे रसायन हुबेहूब तेच नाही. पण गोष्ट तीच. शिवाय इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून जळालेला वायू खाली झिरपतो, त्याच्याबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडं, काजळी आणि न जळालेलं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं.

आणि पाणी. एक लिटर पेट्रोल जाळलं की ढोबळमानाने एक लिटरभर पाणी तयार होतं. विश्वास बसत नसेल तर थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी बघा, थेंब टपकत असतात. बहुतेक पाणी वाफ होऊन तिकडून निघून जातं, पण थोडी वाफ वायूंसोबत खाली जाऊन गार धातूवर जमते. ऑइल चांगलं तापलं तर हे पाणी पुन्हा उडून जातं. पण माझा रोजचा रस्ता म्हणजे गंगापूर रोडवरून अशोक स्तंभ, भाजी, औषधं, परत घरी. तीन-चार किलोमीटर. एवढ्यात काटा मध्यावर येतो, आपल्याला वाटतं इंजिन तापलं. तो काटा रेडिएटरच्या पाण्याचा असतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. निफाडकडून गारठा येतो त्या दिवसांत तर बोलायलाच नको. झाकणाखालचं लोणी हे त्या पाण्याचं आणि ऑइलचं मिश्रण. (पण रेडिएटरचं पाणीही सारखं कमी होत असेल, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी चकती, तपासून घ्या. तो रोग वेगळा.)

या गाळाने मोठमोठ्या कंपन्यांनाही घाम फोडला आहे. टोयोटाने २००२ साली अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळातल्या सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी, ऑइलचा गाळ होऊन इंजिन खराब झालं तर दुरुस्ती करून देण्याची मुदत आठ वर्षांपर्यंत वाढवली. कंपनीचा रोख मालकांनी वेळेवर ऑइल न बदलण्याकडे होता, मालकांचं बोट इंजिनाच्या रचनेकडे.

आता ऑइलबद्दल. सर्व्हिसिंग होऊन दोन हजार किलोमीटर झाले नाहीत तोच ऑइल मोजायची पट्टी काढून बघायची आणि "अरेरे, काळं पडलं" म्हणायचं, ही आपली जुनी सवय. खरं तर ऑइल काळं पडतंय म्हणजे ते काम करतंय. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा खाचेतच चिकटून बसायच्या. त्यातून ऑइलमध्ये डिटर्जंट मिसळायची कल्पना पुढे आली. आजच्या ऑइलमध्ये कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची डिटर्जंटं आम्ल मारतात आणि तापलेल्या भागांवर थर बसू देत नाहीत. दुसरी एक जात काजळीच्या कणाकणाला वेढून त्यांना तरंगत ठेवते, एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणजे घाण ऑइलमध्येच राहते आणि ऑइल बदललं की तिच्यासकट बाहेर पडते. साफसफाईचा माणूस आपण दर सर्व्हिसिंगला आत पाठवतच असतो, फक्त तो शांतपणे काम करतो.

फ्लश घाईत काम करतो. डब्याची नावं वेगवेगळी, आतला माल साधारण एकाच कुळातला: रॉकेलच्या जवळपासचं पातळ पेट्रोलियम द्रावक आणि जास्तीचं डिटर्जंट. काही कंपन्या द्रावक कमी आणि डिटर्जंट जास्त ठेवतात, ते त्यातल्या त्यात बरं. पण मूळ तत्त्व आजीचंच. ती कढईचा थर रॉकेलच्या चिंधीने काढायची.

फरक इतकाच की आजी कढई चुलीवरून उतरवून, बाहेर ओट्यावर घेऊन घासायची. इथे इंजिन चालू आहे.

गाडीत साडेतीन लिटर ऑइल आणि त्यात ३५० मिलीलिटर रॉकेलसारखं पातळ द्रावक गेलं, असं धरू. तापलेल्या इंजिनात ३० ग्रेडचं (ग्रेड म्हणजे दाटपणाचा आकडा) ऑइल साधारण एक पायरी खाली उतरून २० ग्रेडइतकं पातळ होतं. म्हणून सूचना असते की गाडी जागेवरच उभी ठेवा, अॅक्सिलरेटर दाबू नका, फिरवायला तर मुळीच नेऊ नका. काही हौशी मंडळी "एक चक्कर मारून आणतो, चांगलं मिसळेल" म्हणतात. कृपा करून मारू नका.

आमच्या शेजारचे काका मायको कंपनीतून निवृत्त झाले. इंधन फवारणाऱ्या नोझलच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हे त्यांचं रोजचं माप, आपल्याकडे सेंटिमीटर असतं तसं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुमचा केस सत्तर मायक्रॉनचा. क्रँकच्या बेअरिंगमध्ये भार पडला की ऑइलचा पापुद्रा उरतो एक-दोन मायक्रॉनचा. त्या पापुद्र्यावर अख्खं इंजिन तरंगतंय, सर. त्यात रॉकेल?" काका जरा टोकाचं बोलतात. बिनभाराच्या इंजिनात दहा मिनिटांनी बेअरिंग जात नाही. पण मला जी शंका होती, तिचं उत्तर ते बोलता बोलता देऊन गेले: "आणि जाळीचं काय?"

इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी एक जाळी असते, स्ट्रेनर. पंप तिच्यातूनच ऑइल ओढतो आणि पुढे फिल्टरकडे ढकलतो. फिल्टर बारीक कण पकडतो हे बरोबर, पण जाळी फिल्टरच्याही आधी आणि पंपाच्याही आधी. गंगापूर धरणातून पावसाळ्यातलं पहिलं पाणी सुटतं तेव्हा गोदावरीवरच्या होळकर पुलावर उभं राहून पाहिलं असेल तर कळेल. वर्षभर काठाला शांत पडलेल्या पाणवेली, पिशव्या, निर्माल्य सगळं एकदम सुटतं आणि वाहत येऊन पुलाच्या खांबांना तटतं. इंजिनात तेच होतं. गाळ नीट विरघळला तर ठीक, पण जुना कडक झालेला थर विरघळण्याआधी तुकड्याने सुटतो. तुकडे जाळीवर जाऊन बसले की पंपाला ऑइल मिळत नाही, ऑइलचा दाब घसरतो. फिल्टर तुंबला तर निदान बायपास व्हॉल्व्ह उघडून न गाळलेलं का होईना, ऑइल पुढे जातं. जाळी तुंबली की बहुतेक इंजिनांत तशी पळवाट नसते.

डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागतो ना, तो ऑइल कमी झाल्याचा आहे असं अनेकांना वाटतं. तो दाबाचा असतो, आणि दाब फारच खाली गेल्यावरच लागतो. फ्लश मारताना किंवा मारल्यानंतरच्या काही दिवसांत तो लुकलुकला तर तिथेच इंजिन बंद करा. 'घरापर्यंत नेतो' म्हणू नका.

सीलबद्दलही बरंच ऐकू येतं, की फ्लशने जुने सील जातात आणि गाडी गळायला लागते. यात अर्धं तथ्य आहे. पंधरा वर्षं तापलेलं रबर कडक होतं, चिरतं. गाळाने ती चीर बुजलेली असते. गाळ गेला की गळती दिसते. सील फ्लशने नाही, वयाने मेलेला असतो. मिस्त्रीला शिव्या मात्र आपण फ्लशबद्दल घालतो.

डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन फिरवायचा जुना गावठी उपाय मात्र कायमचा विसरा. त्यात झीज रोखणारा एकही घटक नसतो. अॅम्बेसेडर-फियाटच्या काळात जाडं साधं ऑइल आणि मोकळीढाकळी इंजिनं होती, तेव्हा तो खपून गेला. टर्बोच्या गाडीत तो म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मग करायचं काय? माझं मत सांगतो. ज्या गाडीत वेळेवर ऑइल बदललेलं आहे, आत टॉर्च मारला तर फक्त सोनेरी-तपकिरी झाक दिसते, तिथे फ्लशने काही बिघडणार नाही आणि फारसं काही सुधारणारही नाही. चारशे-पाचशे रुपये गेले, एवढंच. आणि माझ्यासारखी गाडी, जिचा इतिहास माहीत नाही आणि थर बोटाला लागतो, तिलाच फ्लश हवासा वाटतो आणि तिच्यातच तो धोक्याचा. अशा गाडीला घाई करू नये. थर फारच असेल तर टॅपेट कव्हर आणि चेंबर खोलून, जाळी हाताने धुऊन काढावी. खर्च जास्त, पण निघालेली घाण डोळ्यांसमोर बाहेर जाते.

मी चेंबर खोलायला सांगितला. मिस्त्रीचा चेहरा पडला, कारण दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर गेलं. जाळी त्याने काढून दाखवली तेव्हा मात्र तोही गप्प झाला. तिची जवळजवळ एक तृतीयांश भोकं बुजलेली होती. त्या दिवशी फ्लश मारला असता तर काय झालं असतं याची खात्री देता येत नाही, पण मला तो प्रयोग माझ्या गाडीवर करायचा नव्हता.

मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरलं, अडीच हजार किलोमीटरला ते फिल्टरसकट बदललं, पुन्हा अडीच हजारला बदललं. दर वेळी गरम पट्टीवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकून रात्रभर ठेवला. ऑइलमध्ये घाण तरंगत ठेवायची ताकद असली की डाग पसरत जातो आणि कडेला फिकट होतो. ताकद संपली की मध्ये काळा ठिपका, त्याची कडा धारदार, आणि भोवती नुसतं तेलाचं वर्तुळ. गाडी घेतली तेव्हाच्या ऑइलचा डाग असाच होता, शाईचा थेंब पडल्यासारखा. तिसऱ्या कागदावर तो राखाडी होऊन चांगला पसरला. एका थेंबावरून इंजिनाची कुंडली निघत नाही, पेट्रोलच्या गाडीत तर कमीच, पण तीन कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो.

आणि रविवारी सकाळी मी आता गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला काढतो. तीसेक किलोमीटर जाऊन परत, ऑइल पुरेसं तापेल आणि पाणी उडून जाईल इतकं. झाकणाखालचं लोणी गेलंय. घरच्यांना वाटतं, मला या वयात देवदर्शनाची ओढ लागली.